थांबायची खूण

वरून माणसं दिसत नाहीत, हेल्मेटं दिसतात. पांढरं हेल्मेट म्हणजे फोरमन, निळं म्हणजे वीजवाले, आणि पिवळ्या हातमोज्यांचे दोन ठिपके म्हणजे माझा नवरा. मी टॉवर क्रेन चालवते आणि तो खाली उभा राहून मला हातांनी खुणा करतो. वर घे, खाली सोड, वळव, दम खा. वॉकी आहेत, पण ड्रिल सुरू झालं की त्यातून नुसती खरखर येते, म्हणून आमचं सगळं काम हातावर. साइटवर त्याला बावटा म्हणतात. मीही तिथे बावटाच म्हणते, घरी आल्यावर त्याचा ‘अहो’ होतो. इथे सांगताना मात्र मी ‘तो’च म्हणणार आहे, माझी मर्जी. हातमोजे रोज संध्याकाळी मी स्वतः धुते. मळले की वरून दिसत नाहीत, आणि दिसले नाहीत तर कुणाचा तरी पाय जातो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. क्रेनवाल्याने फक्त आपल्या बावट्याच्या हाताकडे बघायचं. खुद्द मालक येऊन खाली नाचला तरी ढुंकून बघायचं नाही. अपवाद एकच. दोन्ही हात आडवे पसरले, की थांब. ही खूण कुणीही देऊ शकतं, अगदी झाडूवालीसुद्धा, आणि ती दिसली की कारण न विचारता थांबायचं. कारण मागाहून. हा नियम मला फार आवडतो. घरात तो लागू नाही, एवढंच दुःख आहे.

बायको वर आणि नवरा खाली म्हटल्यावर साइटवरच्या पुरुषांना काय हवं असतं? जेवायच्या सुट्टीत रोज तोच विनोद. “काय बावटा, घरीपण तीच वर का?” तोही हसतो त्यांच्यात. मी शिडी उतरून आले की सगळे आपापल्या डब्यात तोंड घालतात.

आता मुद्द्याचं. आम्हाला दोन मुली आहेत. धाकटीच्या वेळी माझा रक्तदाब चढला, झटके आले, आणि मी काही दिवस कुठे होते ते मला माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई पलंगाशी उभ्या होत्या. त्या गोड बोलणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, “या वेळी दोघी वाचलात. पुन्हा दिवस गेले तर मी काही कबूल करणार नाही. मुलाचं सोडा, तुमचंसुद्धा.” नवरा तेव्हा दारात उभा होता. ऐकून तो भिंतीला टेकला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणजे मला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. पुन्हा पोटुशी राहायचं नाही, आणि वरची खुर्ची सोडायची नाही. ती खुर्ची मिळवायला मी काय काय ऐकलंय ते माझं मला माहीत. आणि ज्या ज्या उपायाने पहिली साधायची, तो उपाय दुसरीच्या मुळावर यायचा.

आधी तांबी बसवली. बाई म्हणाल्या होत्या, पहिले काही महिने जास्त जाईल, मग अंग सरावतं, पुष्कळ जणींना काही होत नाही. त्या पुष्कळ जणींत मी नव्हते. क्रेनच्या केबिनमध्ये एक खुर्ची, दोन दांडे आणि मी. सकाळी शिडी चढून गेलं की जेवायच्या सुट्टीपर्यंत उतरणं नाही, आणि वर बाथरूम नाही. मी खुर्चीवर प्लास्टिक अंथरून बसायचे. पाळी म्हणावी तर संपायची नाही. एकदा शिडीच्या मध्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दोन्ही कोपरं पायरीत अडकवून लटकून राहिले. खालून कुणीतरी ओरडलं, “काय गं, झोपलीस का?” रक्त तपासलं तर पार तळाला गेलेलं. बाईंनी तांबी काढली.

मग तीन महिन्यांचं इंजेक्शन. त्याने रोज थोडं थोडं जात राहिलं, गळक्या नळासारखं. ते एक वेळ सोसलं असतं, पण मन काळवंडलं. वर केबिनमध्ये बसून, समोर लख्ख आकाश, आणि माझ्या डोळ्यांना धार. कारण विचाराल तर काही नाही. तांबी निदान काढता तरी येते. टोचलेलं औषध कुठून काढणार? ते उतरेपर्यंत मी घरात सगळ्यांवर खेकसत राहिले आणि मुली माझ्या पायांचा आवाज ओळखून अभ्यासाला बसायला शिकल्या.

त्यानंतर मला पुन्हा बाईंकडे जायची लाज वाटली. म्हणतील, ही बाई म्हणजे तक्रारींचं पोतं. माझी थोरली बहीण वर्षानुवर्षं गोळ्या घेते. कांती कशी तुकतुकीत, पाळी कशी वेळच्या वेळी. तिला मानवल्या म्हणजे मलाही मानवतील, एकाच आईच्या पोटच्या आम्ही. तिच्या पाकिटावरचं नाव मेडिकलवाल्याला सांगितलं आणि त्याने मान वर न करता पाकीट दिलं.

आणि खरोखर मानवल्या. पाळी सुतासारखी सरळ आली. मी गाणं गुणगुणत हातमोजे धुतले. दुसऱ्या पाकिटात एका संध्याकाळी थोरली मुलगी मला कविता म्हणून दाखवत होती, आणि तिच्या तोंडाजवळ एक चमकता ठिपका आला. तो लकाकत लकाकत वाढला, त्याला करवतीसारखे दाते फुटले, आणि थोड्या वेळाने तिचा अर्धा चेहरा नव्हताच. आवाज होता, एक डोळा होता, वेणी होती, बाकीचं कुणीतरी खाऊन टाकलं होतं. मग ते गेलं आणि डोकं असं उठलं की मी न्हाणीत जाऊन ओकले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

तेव्हा मात्र गेले. नवरा बरोबर आला, पण आत आला नाही. “बायकांच्या खोलीत मी काय करू?” म्हणाला आणि बाहेरच्या बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसला. पर्स अशी धरली होती, जसं काही आत सुतळी बॉम्ब आहे.

बाईंनी सगळं ऐकलं. गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

“हे कुणी दिलं?”

“बहीण घेते.”

“बहिणीला डोळ्यांपुढे चमकतं का?”

“नाही.”

“मग तिचं औषध तुम्ही कशाला घेता? तिचा चष्मा घातला असतात का?” त्या चिडल्या होत्या. “ही साधी डोकेदुखी नाही. डोळ्यांपुढे असं होऊन ज्यांचं डोकं दुखतं, त्यांनी या गोळ्या घ्यायच्याच नसतात. मेंदूत रक्ताची गाठ अडकली तर हातपाय लुळे पडतात, वाचा जाते. आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून. आणि पुन्हा असं चमकायला लागलं तर क्रेनवर बसायचं नाही.”

“बरं.”

“दुसऱ्या प्रकारची गोळी आहे, तुम्हाला चालेल अशी. दंडाच्या कातडीखाली बसवायची काडी आहे. औषध सोडणारी तांबी आहे, तिने उलट रक्त कमी जातं. यातलं काहीही मानवू शकतं.”

“मानवेलच का?”

बाई खोटं बोलत नाहीत, हे त्यांचं वाईट आहे. म्हणाल्या, “ते घेतल्याशिवाय कळत नाही. काही महिने बघावं लागतं.”

मला रडू आलं. मी म्हटलं, “बाई, दरवेळी बघायला माझंच अंग. माझ्यात आता एकही ‘बघू’ उरलेलं नाही. माझं ऑपरेशन करून टाका.”

“रक्त इतकं कमी असताना, मागचं बाळंतपण तसं झालेलं असताना, मी तुम्हाला आत्ता टेबलावर घेणार नाही. आधी अंगात रक्त येऊ द्या.” मग दाराकडे बघत म्हणाल्या, “बाहेर पर्स घेऊन बसलेत ते तुमचेच ना? पुरुषांचं काम अगदी लहान असतं. भूल तेवढ्यापुरती, चालत घरी जायचं, थोडे दिवस जड उचलायचं नाही. त्यांना आत बोलवा.”

मी बोलवायला गेले. तो उठला, पर्स माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “झालं? चल, पोरी वाट बघत असतील.”

घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरात सांगितलं. सासूबाई तिथेच होत्या. आमच्या घरात काही लपत नाही, भिंती आहेत पण कानांना दारं नाहीत.

“अहो, बाई म्हणाल्या, तुम्ही करून घ्या. लहानसं काम आहे.”

तो म्हणाला, “मी दिवसभर उभ्याने काम करतो. कमरेतून गेलो म्हणजे?”

“कमरेचा संबंध नाही. विचारायला आत आला असतात तर तुम्हालाही सांगितलं असतं.”

सासूबाईंनी चिरायची सुरी खाली ठेवली. “माझ्या पोराला खच्ची करायला निघालीस?”

“आई, खच्ची वेगळं. यात काही काढत नाहीत.”

“आमच्या वेळी नव्हतं असलं काही.”

“तुमच्या वेळी तुमचं काय झालं ते तुम्हीच सांगता की. सात वेळा, आणि हातात राहिले हे एकटे.”

त्यांनी सुरी पुन्हा उचलली. मी असं बोलायला नको होतं, पण बोलले. नवरा म्हणाला, “तू दुसरं काहीतरी बघ ना. एवढं काय काय निघालंय आता.” हे तो मऊ आवाजात म्हणाला. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मग निरोध. आणायचा कुणी, तर मी. त्याला मेडिकलवाला ओळखतो म्हणे. ओळखतो म्हणजे काय, मलाही ओळखतो. काही आठवडे बरे गेले, मग एकदा फाटला. दुसऱ्याच दिवशी बाईंकडे जाता आलं असतं, त्यावरही गोळी मिळते. पण आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही. सकाळी तो दाढी करत होता, मी डबे भरत होते, जसं काही घडलंच नाही.

पाळी लांबली. ते दिवस कसे काढले ते मला सांगता येणार नाही. वर केबिनमध्ये बसून मी माझ्या दोन मुलींचं वाटप करायचे. थोरली बहिणीकडे राहील, धाकटी आजीला सोडणार नाही. नवरा दुसरं लग्न करील, करू दे, पण हातमोजे धुणारी मिळेल का? हसू नका, मी खरंच हा विचार करत होते. हे सगळं त्या बाईच्या डोक्यात चाललं होतं, जिच्या आकड्याला दोन टनांची भिंत लटकत होती.

अखेर पाळी आली. मी न्हाणीत खाली बसून हुंदके दिले. आणि त्याच संध्याकाळी पिठाच्या डब्यामागे ठेवलेलं गोळ्यांचं उरलेलं पाकीट काढलं. बाईंचं बोलणं मी विसरले नव्हते. हातपाय लुळे पडतील ही भीती होती, पण ती ‘कदाचित’वाली भीती होती. दुसरी भीती मी नुकतीच भोगून उठले होते. माणूस बुडताना दोर नीट आहे का बघत नाही. कुणाला सांगितलं नाही.

थोड्या दिवसांनी एकदा कारखान्यातून ओतून आणलेल्या भिंती लावायच्या होत्या, खिडकीची जागा सोडलेल्या. तीन लागल्या, चौथी उतरत होती. खाली लाकडी ठोकळे मांडलेले, त्यांवर भिंत टेकवायची. बावटा डावा हात कमरेवर ठेवून उजव्या पंजाने सांगत होता, हळू सोड, हळू सोड. आणि माझ्या डाव्या बाजूला तो ठिपका आला.

मी डोळे मिटले, उघडले. ठिपका वाढला. दाते फुटले. त्याचा उजवा हात गेला.

दिसलं नाही की थांब, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी थांबले नाही. थांबले असते तर फोरमनने विचारलं असतं का थांबलीस, मग डोळे निघाले असते, मग गोळी, मग खुर्ची. आणि दुसरं म्हणजे मला त्याचा हात दिसायची गरजच वाटली नाही. डावा कमरेवर आहे ना? मग उजवा ‘हळू सोड’ म्हणतोय. इतकी वर्षं बघतेय त्याला. तो कसा उभा राहतो, कधी मान खाजवतो, मला पाठ आहे. तिथे परकी बाई असती तर थांबली असती. मी बायको होते, म्हणून अंदाजाने सोडत राहिले.

त्याने मूठ मिटली होती. मूठ मिटली म्हणजे आहे तिथे धर. एक ठोकळा घसरला होता आणि भार बांधणारा साखळीवाला तो सरळ करायला वाकून भिंतीखाली हात घालत होता.

माझ्या उजव्या बाजूला, जिथे अजून जग शिल्लक होतं, तिथे झाडूवाली दिसली. तिने झाडू टाकला होता आणि दोन्ही हात पसरले होते. तिच्या पलीकडे रंगारी, त्याचे हात पसरलेले. पाण्याच्या टँकरवाल्याचे. वीजवाल्याचे. सगळी साइट हात पसरून उभी होती, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. मी दांडा सोडला. भिंत थांबली.

पिवळे हातमोजे कुठेच दिसत नव्हते.

ते भिंतीखाली होते. तो स्वतः आत घुसला होता आणि साखळीवाल्याला ओढून काढत होता. भिंतीची कड त्याच्या हेल्मेटवर टेकली, हेल्मेट तडकलं, खांदा सोलवटला. आणखी वीतभर सोडलं असतं तर मी हे सांगायला बसले नसते. मी शिडी कशी उतरले आठवत नाही. डोकं उठलं होतं, पायऱ्या दोन दोन दिसत होत्या.

खाली पोचले तेव्हा फोरमन ओरडत होता, “सांगा, चूक कुणाची?”

नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, “माझी खूण चुकली, साहेब.”

मी तोंड उघडलं. त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. फोरमनने तिथल्या तिथे त्याचे हातमोजे काढून घेतले आणि त्याला साखळ्यांवर टाकलं. ज्या माणसाच्या हातांकडे सगळी साइट बघायची, तो खाली मान घालून साखळ्या गोळा करायला लागला. कुणीतरी खो खो हसून म्हणालं, “बायकोला बघून हात थरथरला का रे?”

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं. मुली सासूबाईंजवळ होत्या.

“मूठ होती ना?” मी विचारलं.

“होती.”

“मग खोटं का बोललात?”

“तुझी खुर्ची गेली असती.” तो खांद्याला मलम लावत होता. “तुला ती मिळवायला किती त्रास झाला मला माहीत नाही का? माझं काय, मी साखळ्या ओढीन.”

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटावंसंही वाटलं. मी पिठाच्या डब्यामागचं पाकीट आणून त्याच्यासमोर टाकलं.

“हे मी पुन्हा घेत होते. म्हणून तुझा हात दिसला नाही.” कधी नव्हे ते तोंडातून ‘तू’ निघालं आणि मी ते परत घेतलं नाही. “तू माझ्यासाठी नोकरी दिलीस, नाव दिलंस, आज जीवसुद्धा दिला असतास. मी यातलं काय मागितलं होतं? मी एक लहानशी गोष्ट मागितली, ती सोडून सगळं देत सुटलास.”

तो पाकिटाकडे बघत राहिला.

“कमरेचं कारण सांगू नकोस. खरं सांग.”

तो म्हणाला, “हसतात ते. रोज हसतात. तू वर, मी खाली. त्यात हे कळलं तर मला तिथे उभं राहता येणार नाही.”

“आज हसले ते? खूण चुकवणारा बावटा म्हणून? ते चाललं तुला?”

मी पाकीट फाडलं, गोळ्या मोरीत टाकल्या आणि रडत बसले. आता माझ्याकडे काहीच उपाय उरला नव्हता. तांबी नाही, सुई नाही, गोळी नाही, नवरा नाही.

सकाळी मी फोरमनकडे गेले आणि सांगून टाकलं, “त्यांची खूण बरोबर होती. मला अर्धं दिसत नव्हतं.” त्याने कपाळाला हात लावला. “तुम्ही दोघं नवराबायको मला वेडं करणार आहात,” म्हणाला. त्याने हातमोजे नवऱ्याला परत दिले आणि मला घरी पाठवलं. डॉक्टर लिहून देतील तेव्हा ये, तोवर वर दुसरा माणूस. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, गोळी बंद राहिली तर बहुतेक थांबेल. बहुतेक. पुन्हा वर बसायला मिळेल का, हे त्यांनाही सांगता येईना.

मी घरी भिंतींकडे बघत बसायचे. संध्याकाळी तो यायचा, हातमोजे बादलीत टाकायचा आणि जेवायला बसायचा. एकदा मी बादलीकडे गेले तर सासूबाईच ते घासत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सातव्या वेळी मी पण त्याच्या बापाला म्हणाले होते, आता पुरे. तो हसला होता.” मोजे पिळून त्यांनी दोरीवर टाकले आणि आत गेल्या. मुलाशी त्या काय बोलल्या, बोलल्या की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो जेवता जेवता म्हणाला, “नवा माणूस चांगला आहे. मूठ दिसली की थांबतो.” मग ताटाकडे बघत म्हणाला, “बाईंना विचार, कधी येऊ.”

आत्ता मी बाईंच्या दवाखान्यातल्या त्याच बाकावर बसले आहे. तो साइटवरून परस्पर आला. या वेळी तो आत गेला होता, त्याने बाईंना सगळं विचारलं, कमरेचंसुद्धा. बाईंनी बजावलं की झाल्या झाल्या निर्धास्त व्हायचं नाही, तीन महिने दुसरी काळजी घ्यायची, मग तपासणी, ती नीट आली की मगच मोकळे. तो म्हणाला, “म्हणजे भार टेकला तरी साखळी सैल झाल्याशिवाय आकडा काढायचा नाही.” बाईंना काही कळलं नाही. मला कळलं.

आता आतून त्याला हाक आली आहे. त्याची पिशवी, नवं हेल्मेट, पिवळे हातमोजे, सगळं माझ्या मांडीवर. तो दारापर्यंत गेला आणि तिथेच अडला. कपाळाला घाम. वळून माझ्याकडे बघतोय, आकड्याला लटकलेला भार खालच्या हाताची वाट बघतो तसा. इतकी वर्षं त्याने खूण दिली आणि मी ऐकली. क्रेनवाली कधी खूण देत नसते.

त्याचा चेहरा मला पुरा दिसतोय, दोन्ही डोळे, घाबरलेले. मला त्याची इतकी दया आली आहे की माझे हात आपोआप पसरायला बघताहेत. पसरले, तर तो थांबेल. कारण न विचारता थांबेल, त्याची सवय आहे ती. मी डावा हात मांडीखाली दाबून धरला आहे. उजव्या हातात त्याचा मोजा घातला, तो मला फार मोठा होतो, आणि पंजा हळूच पुढे केला. हळू. सरळ आत.

तो वळला आणि आत गेला.